हवा सोडावी की जिरवावी?

नागपुरात लॉ कॉलेज चौकातून रविनगरकडे निघालेली एखादी गाडी पुढचा सिग्नल बघून वेग उतरवते. ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो आणि त्याच क्षणी बॉनेटखालून 'प्स्स्श' असा आवाज येतो. शेजारच्या स्कूटीवरच्या काकू दचकून आपल्याच चाकाकडे बघतात. गाडीतलं पोट्टं मात्र काच खाली करून बसलेलं असतं, भर मे महिन्यात, एसी चालू असताना. आवाज आत यायला हवा ना.

हा आवाज करणारी वस्तू म्हणजे डंप व्हॉल्व्ह. गॅरेजात तिला बीओव्ही म्हणतात, मुलं नुसतं 'ब्लो-ऑफ' म्हणतात. ॲल्युमिनियमची मुठीएवढी झडप, निळी नाहीतर लाल, आत एक स्प्रिंग आणि एक पिस्टन. नकली माल दोन-तीन हजारांत मिळतो. नावाजलेल्या जपानी, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश कंपन्यांचा अस्सल माल त्याच्या कित्येक पट महाग. टर्बो पेट्रोल गाड्या मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये आल्या तसा हा प्रश्नही घराघरांत शिरला. आमच्याकडे तो भाच्याने आणला. "मामा, लावू का? पिकअप वाढते म्हणतेत." त्याच्या बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, "तूच समजव बाबा, माझं तो ऐकत नाही."

समजावण्याआधी मी चार गॅरेजवाल्यांशी बोललो. जे कळलं त्याचं सार आधीच सांगून टाकतो. कंपनीच्या सेटिंगवर रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला बाहेरची डंप व्हॉल्व्ह लावून ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. आवाज मिळतो. त्यासोबत आणखी जे काही मिळतं ते बहुतेक नको असलेलं. पण 'लावू नको' एवढ्याने विषय संपत नाही, कारण काही गाड्यांना झडप बदलणं खरोखर गरजेचं असतं आणि त्या चालवणारी पोरं नेमकी चुकीची झडप घेऊन जातात.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने तिचं पेटंट १९०५ साली घेतलं. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर, १४ हजार फुटांवर नेलं आणि विरळ हवेतही टर्बोने इंजिनाचा दम टिकतो हे दाखवून दिलं. तत्त्व आजही तेच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या वाटेत एक चाक बसवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, जे ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठ्याचं काम निघतं. लहान गाडीतला हा दांडा जोरात असताना मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाचं दार असतं. पाय काढला की ते मिटतं. टर्बो मात्र लगेच थांबत नाही, तो हवा ढकलतच राहतो. बंद दारावर आपटलेली हवा उलटी फिरते आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांवर येऊन आदळते. याला सर्ज म्हणतात. कानाला तो 'टु-टु-टु' असा फडफडल्यासारखा ऐकू येतो. दांड्याच्या बेअरिंगवर उलटसुलट ताण येतो, चाकाचा वेग उतरतो आणि पुढचा गिअर टाकून पुन्हा पाय दिला की टर्बो उठायला वेळ घेतो.

म्हणून थ्रॉटलच्या अलीकडे एक झडप देतात. तिच्या डोक्यावरून एक बारीक नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, तो झडपेला वर ओढतो आणि कोंडलेल्या हवेला वाट मिळते. नव्या गाड्यांत हेच काम विजेवर चालतं. कॉम्प्युटर हुकूम देतो, सोलेनॉइड झडप उघडतो. इथपर्यंत कंपनीची झडप आणि बाजारातली झडप यांचं काम एकच. फरक त्यानंतरचा आहे. कंपनीची झडप ती हवा पुन्हा सक्शन पाइपात, एअर फिल्टरच्या पुढे आणि टर्बोच्या आधी, सोडून देते. म्हणजे हवा जिरवते. बाजारातली झडप ती बाहेर सोडते.

भाच्याचा पहिला गैरसमज इथेच होता. गाडीत नसलेलं काहीतरी नवीन आपण बसवतोय असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात असलेलं काढायचं आणि तेच काम आवाज करत करणारं बसवायचं, एवढाच मामला.

हा आवाज शौकिनांच्या कानात बसवला तो रॅलीच्या आणि शर्यतींच्या गाड्यांनी. रस्त्यावरच्या मोटारींत टर्बो १९६२ मध्येच आला होता, ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कोर्वेअर मोन्झा स्पायडर या अमेरिकी गाड्यांत. रेनॉने १९७७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये टर्बो उतरवला. ऐंशीच्या दशकातल्या रॅली गाड्यांनी त्या आवाजाला वलय दिलं आणि २००१ मधल्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस' या सिनेमाने तो जगभरच्या पोरांच्या डोक्यात भरला. आपल्याकडे मात्र तोवर टर्बो म्हणजे ट्रकच्या कपाळावर रंगवलेली अक्षरं. मोटारींत आला तोही डिझेलच्या पोटात बसून.

टर्बो पेट्रोलचा आपल्याकडचा बराचसा इतिहास मराठी मुलखातच घडला आहे, ही गोष्ट गाडीप्रेमींच्याही सहसा लक्षात येत नाही. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला कारखाना सुरू केला आणि पुढे तिथल्याच ऑक्टाव्हियाची व्हीआरएस आवृत्ती १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनासह आणली. दीडशे घोड्यांची ताकद तेव्हा इथल्या सेडानमध्ये ऐकायची सवय नव्हती. फियाटची लिनिया टी-जेट आणि २०१५ मधली अबार्थ पुंटो पुण्याजवळ रांजणगावला तयार झाल्या. अबार्थ पुंटो १४५ घोड्यांची, शोरूमची किंमत दहा लाखांच्या आत. रांजणगावातूनच पुढे टाटा नेक्सॉन आली. चाकणमधून फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय निघाली आणि २०२१ मध्ये स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन. नाशिकला महिंद्राची एक्सयूव्ही ३०० आणि नवी थार. नागपुरात या गाड्यांच्या नंबर प्लेटवर एमएच ३१ नाहीतर ४९ लागतं, पण त्यांचा जन्म बहुतेक सह्याद्रीच्या आसपासचा, आपल्यापेक्षा बऱ्याच थंड हवेतला. हा थंड हवेचा मुद्दा पुढे येईल.

आधी डिझेल, कारण सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते तिथे.

अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टचा पसारा आहे आणि त्याच्या आधाराने वाढलेली गॅरेजं. त्यातल्या एका गॅरेजमालकाचं आयुष्य ट्रकचे टर्बो उघडण्यात गेलंय; आता मुलगा गाड्यांचंही काम घेतो. टेबलवर उघडलेला टर्बो होता. मालकाने दांडा चिमटीत धरून वर-खाली हलवला, मग आत-बाहेर ओढला. वर-खाली थोडा खेळ असतोच, तेल भरलं की तो जातो. आत-बाहेर हलला की बेअरिंग गेलं, असं त्याचं गणित. डंप व्हॉल्व्हचं नाव काढताच हसला.

"डिझेलले काहून पायजे ते? पोट्टे येतेत, मोबाइलवर व्हिडिओ दाखवतेत, म्हनतेत काका असाच आवाज पायजे. मी म्हनतो, लेका, तुह्या गाडीत कोंडाले दारच नाही, त सोडशील काय?"

त्याच्या एका वाक्यात सगळं आलं. डिझेल इंजिनाची ताकद हवेच्या दाराने कमी-जास्त करत नाहीत, इंधनाच्या मापाने करतात. पाय काढला की डिझेल बंद होतं, हवा वाहतच राहते. नव्या डिझेल गाड्यांत एक फ्लॅप असतो खरा, पण तो धूर पुन्हा फिरवण्याच्या आणि इंजिन धक्का न देता बंद करण्याच्या कामाचा. त्यामुळे पेट्रोलसारखी कोंडी डिझेलमध्ये होत नाही आणि कंपनी झडप देत नाही. इतकी वर्षं अर्ध्या भारताच्या गाड्यांत फियाटचं १.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल धावलं, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत. त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. डंप व्हॉल्व्हविना त्याचं काही अडलं नाही.

तरीही डिझेलसाठी किट विकतात. ॲक्सिलरेटरच्या पेडलपाशी एक छोटा स्विच, तिथून वायर, हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपाला भोक पाडून बसवलेली विजेची झडप. पाय काढला की स्विच दबतो, झडप उघडते, दाबलेली हवा बाहेर. म्हणजे चांगल्या पाइपाला आपल्या हाताने गळती लावायची आणि तिला बटण बसवायचं. झडप नीट मिटली तर ठीक. धूळ-तेलाने अर्धवट अडकली, तर पाय दिल्यावरही हवा निसटते. डिझेल तेवढंच पडतं, हवा कमी पडते, मागून काळा धूर निघतो आणि गाडी उठत नाही. कॉम्प्युटरला हवा तेवढा दाब दिसला नाही की चेक लाइट लागतो आणि गाडी ताकद आखडून लंगडत चालते. मग स्कॅनर लावा. वाडीच्या या काकांकडे असं किट काढून, पाइप बदलून दिल्याची उदाहरणं आहेत. पाइपाचे पैसे किटपेक्षा जास्त झाले, हे सांगताना त्यांचा चेहरा फारसा दुःखी नव्हता.

डिझेलवाल्यांनी इथे वाचणं थांबवलं तरी चालेल.

पेट्रोलमध्ये मात्र गाडीगणिक उत्तर बदलतं, आणि ते एका छोट्या सेन्सरवर ठरतं. काही इंजिनांत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. आत शिरलेल्या हवेचा तो हिशेब ठेवतो आणि कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. जुन्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं १.८ टर्बो या जातीचं. अशा गाडीत मोजलेली हवा तुम्ही मध्येच बाहेर सोडलीत, तर कॉम्प्युटरच्या वहीत ती अजून जमाच असते. तो तिच्या वाटचं पेट्रोल ओततो. मिश्रण क्षणभर फार गडद होतं, गाडी गचका देते, कधी सिग्नलला येता येता बंदच पडते. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. एकदोनदा झाल्याने काही होत नाही. रोजच्या शहरी रस्त्यावर, दर सिग्नलला, वर्षभर झालं तर कन्व्हर्टरची किंमत विचारून ठेवावी. पीयूसीत यातलं काही पकडलं जात नाही, कारण ती चाचणी उभ्या गाडीवर होते आणि हा घोळ पाय काढल्याच्या क्षणाचा आहे.

दुसऱ्या जातीत हवा मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान बघून कॉम्प्युटर हिशेब मांडतो. तो सेन्सर एमएपी. इथे बाहेर सोडलेल्या हवेने पेट्रोलचं गणित बिघडत नाही. हल्लीच्या बऱ्याच छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या या प्रकारात येतात, आणि झडप विकणारे नेमकं एवढंच सांगतात. ते खोटं नाही, अर्धं आहे. स्वस्त झडपेची स्प्रिंग मऊ असली, तर गाडी जागेवर उभी असतानाही मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने झडप किंचित उघडी राहते. तेव्हा टर्बो दाब देत नसतो. उलट त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, फिल्टरला वळसा घालून. नागपुरात कुठल्या ना कुठल्या रस्त्याचं खोदकाम बारा महिने चालू असतं. ती धूळ थेट थ्रॉटलमधून सिलिंडरमध्ये जाते. फिल्टर मग नावापुरता. शिवाय क्रँककेसमधून सक्शनला येणारी तेलाची वाफ झडपेतून फवारली जाते आणि बॉनेटखाली काळा चिकट थर बसतो.

काही नव्या इंजिनांत तर अशी वेगळी झडपच नाही. धुराची वाट बदलणारं वेस्टगेट विजेच्या मोटरवर चालतं आणि पाय निघाल्याबरोबर कॉम्प्युटर ते उघडून टर्बोचा जोर उतरवतो. त्या गाडीला डंप व्हॉल्व्ह लावायची म्हणजे आधी पाइप कापायचा. आणि गाडी ऑटोमॅटिक असली, तर गिअर बदलताना कॉम्प्युटर स्वतःच क्षणभर ताकद आखडतो, ड्रायव्हरचा पाय तसाच दाबलेला राहतो. झडप उघडायचा प्रसंगच कमी येतो. पैसे भरून आवाजही मिळत नाही, अशी तक्रार त्यातून निघते.

आता खरी गरज कुठे लागते ते. मानेवाड्याकडच्या एका गॅरेजात जुन्या जर्मन आणि झेक गाड्यांचं काम चालतं. तिथे एक ऑक्टाव्हिया आली होती. मालकाची तक्रार अगदी साधी: "पहिल्यासारखी उठून नाही राहिली." त्याने सोबत लाल रंगाची नवीकोरी डंप व्हॉल्व्ह आणली होती, तीच लावून द्या म्हणत होता. मेकॅनिकने ती बाजूला ठेवली आणि गाडीतली मूळ झडप काढली. काळं प्लास्टिक, लिंबाएवढी, आत रबरी पडदा. त्याने खालचा पिस्टन बोटाने वर दाबला, वरच्या नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट धरला आणि बोट काढलं. पडदा धड असता तर पिस्टन आतल्या व्हॅक्यूमने वरच अडकून राहिला असता. इथे तो सावकाश खाली उतरला. पुन्हा केलं, पुन्हा उतरला. पडदा चिरला होता. म्हणजे ज्या क्षणी इंजिनाला दाब हवा त्याच क्षणी थोडी हवा चिरेतून निसटत होती.

या गाडीला नवी झडप हवीच होती. पण ती लाल रंगाची नव्हे. तशीच, हवा जिरवणारी, हवं तर रबराऐवजी धातूच्या पिस्टनची. तसल्या झडपाही बाजारात मिळतात, दिसायला साध्या आणि आवाजाला मुक्या. मेकॅनिकने कंपनीची नवी झडप बसवली आणि गाडी वर्धा रोडवर फिरवून आणली. मालक खूश झाला, पण बोललाच: "आवाज नाही आला काही." लाल झडप त्याने डिकीत ठेवली. फेकली नाही.

कॉम्प्युटर रीमॅप करून टर्बोचा दाब वाढवलेला असला, तर कंपनीच्या प्लास्टिक-रबरावर जास्तीचा भार येतो, हेही खरं. त्या माणसाने धातूची झडप लावावी. तीही शक्यतो जिरवणारी. हवा थोडी आत, थोडी बाहेर, अशी दोन्ही बाजूंनी सोडणाऱ्या झडपाही आहेत. बाहेर सोडण्याचा खरा उपयोग शर्यतीच्या गाडीत, जिथे दाब प्रचंड असतो आणि कॉम्प्युटरच त्या हिशेबाने लिहिलेला असतो. बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाला आहे, करी स्पीडवे कोइमतूरला. समृद्धी महामार्ग हे सर्किट नाही, हे इथे लिहावं लागतंय कारण नागपूरजवळच्या शिवमडक्याहून चढल्याबरोबर काहींना ते तसं वाटतं. त्या रस्त्यावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे आणि तासन्‌तास एकाच वेगात जाणाऱ्या गाडीत डंप व्हॉल्व्ह मिटलेलीच असते. सातशे किलोमीटरच्या प्रवासात ती बोलणार ती टोलनाक्यावर.

भाच्याला मी शेवटी कागदावर आकडे मांडून दाखवले, कारण इंजिनिअरिंगच्या मुलाला दुसरं काही पटत नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. बाहेरच्या दाबाच्या दुप्पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर डिसेंबरमधल्या पहाटेची १५ अंशांची हवा टर्बोतून साधारण १०५ अंशांवर बाहेर पडते. मे महिन्यात दुपारी नागपूर ४५ वर असताना तीच हवा १४५ च्या आसपास जाते. ती थंड करायला इंटरकूलर असतो, पण तो बाहेरच्या हवेनेच थंड करतो; ४५ च्या खाली तो काही केल्या नेऊ शकत नाही. मुळात ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-साडेनऊ टक्के विरळ. त्यात गरम हवेने पेट्रोल वेळेआधी भडकू नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आणखी उतरते. 'उन्हाळ्यात गाडी मरगळते' हे नागपूरकरांचं म्हणणं मनाचे खेळ नाहीत.

या सगळ्यात झडपेचा संबंध कुठेच येत नाही. ताकद हवी असेल तर इंटरकूलरच्या जाळीत अडकलेले किडे आणि माती साफ करा. फिल्टर वेळेवर बदला. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचे होस पाइप आणि त्यांचे क्लॅम्प तपासा. तेलाचा ओलसर डाग दिसला की तिथे हवा गळते आहे. स्पार्क प्लग, कूलंट. ही कामं कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढून टाकत नाही, त्यामुळे ती मागे पडतात. भाच्याच्या गाडीचा एक क्लॅम्प खरोखर सैल निघाला. आवळल्यावर त्याला फरक जाणवला. खरोखर जाणवला की मामाचा मान राखला, ते मी विचारलं नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण तो जितका कडक आहे तितकाच गुंतागुंतीचाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आता आरसीवर डंप व्हॉल्व्हचा उल्लेख कुठे असतो, असा युक्तिवाद कुणी वकील करील, आणि तो अगदीच फुसका नाही. सायलेन्सरला वळसा देणाऱ्या कट-आउटचं कलमही इथे लागू नये, कारण बाहेर पडते ती ताजी हवा असते, धूर नव्हे. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ मध्ये हॉर्नसोबत कर्कश, तीव्र किंवा दचकवणारा आवाज करणाऱ्या इतर कुठल्याही साधनाला बंदी आहे. दचकलेल्या काकू साक्षीला आल्या तर अवघड आहे. आवाजाचे आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९० प्रमाणे दंड दहा हजारांपर्यंत जातो.

शांतता क्षेत्राचा मुद्दा मला दंडापेक्षा महत्त्वाचा वाटतो. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. डंप व्हॉल्व्ह बोलते ती पाय काढल्यावर, म्हणजे चौकात. मेडिकल चौकात, मेयो रुग्णालयासमोर. तिथे वॉर्डातला पेशंट खिडकीजवळ झोपलेला असतो.

तरीही आवाजाची हौस म्हणजे मूर्खपणा असं मला म्हणवत नाही. बुलेटचा ठोका ऐकूनच बुलेट घेणारी पिढी आपल्याच घरात आहे, आणि बदललेले सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडले तरी ती हौस काही आटलेली नाही. माझी तक्रार आहे ती हौसेला तांत्रिक कारणाचा मुलामा देण्याबद्दल. 'मला आवाज आवडतो' म्हणून कुणी पैसे खर्च केले, तर निदान हिशेब सरळ असतो. 'टर्बोचं आयुष्य वाढतं', 'पिकअप वाढतं' ही वाक्यं दुकानातून आलेली असतात. त्याहून गमतीशीर एक वस्तू शे-दोनशे रुपयांत मिळते: सायलेन्सरच्या तोंडात खुपसायची ॲल्युमिनियमची शिट्टी. टर्बो नसलेली गाडीही मग टर्बोसारखी किंचाळते. धुराची वाट थोडी अडते, स्क्रू सैल झाला तर ती मागच्या गाडीवर उडते. पण किमान तिने कुठल्या इंजिनाचं भलं होतं असं कुणी म्हणत नाही. आणि फुकटात 'फुस्स' ऐकायचं असेल तर गणेशपेठच्या बसस्थानकावर दहा मिनिटं उभं राहावं. एसटीचा एअर ब्रेक कुठल्याही जपानी झडपेला ऐकणार नाही.

विमा आणि वॉरंटीचं सांगायला हवं, कारण भाच्याच्या बाबांना तेवढाच मुद्दा ऐकायचा होता. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवला नाही, तर दावा करताना तो आडवा येऊ शकतो. वॉरंटीत टर्बो किंवा इंजिनाचा दोष निघाला आणि सर्व्हिस सेंटरवाल्याला बाहेरची झडप दिसली, की बोलणं तिथेच संपतं. दोष झडपेचा होता की नव्हता, हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं.

भाच्याने तूर्त विचार पुढे ढकलला आहे. वॉरंटी संपेपर्यंत, असं तो म्हणतो. मानेवाड्याच्या मेकॅनिकला मी विचारलं, इतकं सगळं माहीत असून तुम्ही तरी ग्राहकाला लावून कशाला देता? त्याने हात पुसले. "मी नाही म्हनलं त दुसरीकडं जातेत, तिथं पाइप कापून ठेवतेत. मी निदान कंपनीची झडप पिशवीत घालून त्याच्याच हातात देतो, सांगतो जपून ठेव बाप्पा. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी येतेतच सगळे, काढून द्या म्हनतेत. मंग गाडी सर्व्हिस होऊन आली की पुन्हा लावून द्या. लावाचे वेगळे, काढाचे वेगळे पैसे."